सारंगखेड्याहून येताना: घोडीचा ट्रेलर आणि क्रूझ कंट्रोल, एक प्रकरण

सारंगखेड्याच्या यात्रेहून परतताना धुळे–पारोळा रस्त्यावर आमच्या पिकअपमागचा घोड्यांचा ट्रेलर डुलायला लागला. चालवत होते माझे मावसभाऊ, त्यांना घरात सगळे नाना म्हणतात. मी शेजारच्या सीटवर होतो. वेग ताशी ८० किलोमीटर, आणि तो क्रूझ कंट्रोलवर, म्हणजे रेसवर पाय न ठेवता ठरलेला वेग धरणाऱ्या सोयीवर, लावलेला. कुणाला मोठी इजा झाली नाही, धडक झाली नाही. "वाचलो" म्हणून विषय सोडून देता आला असता. पण मागे उभी असलेली घोडी गुडघ्यांवर पडली होती, आणि ती पडली ती आमच्या चुकांमुळे. त्यातली एक चूक माझी. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो, आणि "नाना, पाय दुखत असेल तर क्रूझ लावा" हे मीच म्हणालो होतो. म्हणून हे सगळं नीट मोजून, तपासून लिहितो आहे.

गाडी आणि ट्रेलर

आपल्याकडे पिकअप म्हटलं की भाजीपाला, केळी, सिमेंट वाहणारी छोटी मालगाडी डोळ्यांसमोर येते. त्या गाड्यांना सहसा क्रूझ कंट्रोल नसतं. नानांची गाडी डबल कॅबची, डिझेल, सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. क्रूझ साध्या प्रकारचं. म्हणजे ठरवून दिलेला वेग धरण्यासाठी ते इंजिनाचं इंधन कमीजास्त करतं, एवढंच. पुढच्या गाडीचं अंतर ओळखून स्वतः ब्रेक लावणारं क्रूझ वेगळं, ते या गाडीत नाही.

ट्रेलर इथल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेला, दोन घोड्यांचा, मध्ये आडोसा, मागे उतरवायची फळी. एकच धुरा, म्हणजे अ‍ॅक्सल. रिकाम्याचं वजन साधारण ९०० किलो. त्याला स्वतःचे ब्रेक नव्हते. शेतातल्या ट्रॉलीला कुठे असतात, या सवयीने आम्ही तो प्रश्न कधी विचारलाच नाही. ट्रॉली ताशी वीस-पंचवीसने जाते, हा ट्रेलर ८० ने जाणार होता. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात एकूण ७५० किलोच्या वर गेलेल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. आमचा रिकामाच त्याहून जड होता.

नोंदणी, स्वतंत्र नंबर, विमा हे सगळं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ ट्रेलरला वेगळं वाहन मानतो, हे नानांना पक्कं माहीत होतं. कागद बरोबर होते, वजनाची मांडणी नव्हती.

जाताना

सारंगखेडा तापीकाठी, शहादा तालुक्यात. एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी जनावरं बघायला लांबलांबून माणसं येतात. नाना दरवर्षी जातात. यंदा एक घोडा विकायचा होता, आणि घोडीला नुसतं फिरवून आणायचं होतं.

पारोळ्याहून धुळं, मग आग्रा रोडने सोनगीर, तिथून दोंडाईचा. जाताना दोन्ही जनावरं ट्रेलरमध्ये, प्रत्येकी साधारण ४०० किलो. चौपदरीवर नानांनी थोडा वेळ क्रूझ ७० वर लावून बघितलं. ट्रेलर सरळ चालला. पण रस्ता जरा चढला की गिअरबॉक्स सहाव्यातून पाचव्यात यायचा, वेग भरला की परत सहाव्यात, आणि पुन्हा पाचव्यात. हे सतत चालू. मला ते ऐकू येत होतं, आणि मी ते वाहून जाऊ दिलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण गिअरबॉक्स खराब होण्याची सुरुवात अशीच होते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, ताकद तेलातून पुढे जाते. सपाट रस्त्यावर त्यातला एक क्लच दोन्ही बाजू एकमेकींना जोडून टाकतो, घसरण थांबते, तेल थंड राहतं. गिअर बदलायची वेळ आली की ही जोडणी अनेकदा सुटते, तेल घुसळलं जातं आणि तापतं. मागे दीड-पावणेदोन टन ओढताना दर अर्ध्या मिनिटाला असं होत राहिलं तर तेलाचं तापमान उतरायला फुरसतच मिळत नाही. माणूस चालवत असेल तर चढ लांबूनच दिसतो, तो आधी थोडी रेस देतो किंवा चढावर वेग पाच-सात किलोमीटर पडू देतो. क्रूझला चढ दिसत नाही. वेग पडला हे त्याला पडल्यावर कळतं, आणि ते पडलेला वेग भरून काढायला जोर लावतं. ज्या गाड्यांना ओढकामाचा वेगळा मोड आहे, त्यात गिअर खालचा धरून ठेवला जातो आणि ही ये-जा पुष्कळ कमी होते. आमच्या गाडीत तो नव्हता. मॅन्युअल पद्धतीने पाचवा गिअर अडकवून ठेवणं शक्य होतं, तेही आम्ही केलं नाही.

येताना

घोडा विकला गेला. परतताना घोडी एकटी. तिला उजव्या कप्प्यात उभं केलं. हे बरोबर होतं, कारण आपण डावीकडून चालतो, रस्ता डाव्या कडेकडे उतरता असतो, म्हणून एकटं जनावर उजवीकडे उभं करायचं. डावा कप्पा मोकळा. दोंडाईचात नानांनी चुनीची, म्हणजे जनावरांच्या खुराकाची, चार पोती घेतली, पन्नास-पन्नास किलोची. ती मोकळ्या कप्प्यात टाकली, वर खोगीर, साखळ्या, खुंटे. सगळं मिळून २४० किलोच्या आसपास. मागच्या फळीवरून चढवलं, म्हणून जिथे हात पोचला तिथेच राहिलं: अगदी मागे, फळीला टेकून.

धुळं ओलांडलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. डिसेंबरचा कोरडा रस्ता, ऊन पाठीमागे. नाना पहाटे तीनपासून उठलेले. मी क्रूझचं सुचवलं, त्यांनी ८० वर लावलं आणि उजवा पाय मागे ओढून सीटखाली घेतला. हा पाय मागे गेला, त्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

एका नाल्याच्या पुलाकडे हलका उतार होता. तिथे एक लक्झरी आम्हाला ओलांडून गेली. मोठी गाडी शेजारून जाते तेव्हा आधी हवेचा धक्का बाहेर ढकलतो आणि मग ती पुढे निघाली की आत ओढ बसते. ट्रेलर एकदा डावीकडे हलला, परत आला, उजवीकडे गेला. नाना म्हणाले, "मांगे काय व्हई राहिनं रे?" एवढं विचारेपर्यंत दोन हेलकावे होऊन गेले होते. उतारावर वेग ८० चा ८४ झाला होता, कारण हे क्रूझ इंधन तोडू शकतं, ब्रेक लावू शकत नाही. मग पुलानंतर रस्ता चढला, वेग घसरला आणि क्रूझने जोर लावला. गिअर खाली आला, इंजिन गरजलं. ट्रेलर डुलत असताना गाडी पुढे झेप घेत होती, आणि नानांचा पाय सीटखालीच होता.

त्यांनी स्टिअरिंग उलट फिरवून हेलकावा मारायचा प्रयत्न केला. हेलकावा वाढला. मग ब्रेकवर पाय दिला, जोरात. क्रूझ सुटलं, पण पिकअप थांबायला लागली आणि ब्रेक नसलेला दीड टन मागून तिला ढकलायला लागला. तो सगळ्यात मोठा हेलकावा. पिकअपचं मागचं अंग उजवीकडे सरकलेलं मला पाठीत जाणवलं. मी ओरडलो, "नाना, बरेक नको! पाय काढी ले!" त्यांनी पाय काढला, स्टिअरिंग धरून ठेवलं, गाडी साइडपट्टीच्या बाजूला कलत गेली, वेग आपोआप उतरत गेला. साठच्या खाली आल्यावर ट्रेलर गप्प झाला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सात-आठ सेकंद असतील.

फळी उघडली तेव्हा घोडी उठून उभी होती, घामाने भिजलेली, पुढच्या दोन्ही गुडघ्यांचं कातडं सोललेलं. पोती घसरून आडोशाला रेटली होती. नाना तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. पोती आम्ही पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकली आणि ५० च्या वेगाने पारोळ्यात आलो. पशुवैद्यांनी जखमा धुतल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो, म्हणून जखम लहान दिसली तरी हे टाळायचं नसतं.

भुईकाट्यावर

दोन दिवसांनी आम्ही तीच मांडणी पुन्हा केली. घोडीच्या जागी वाळूची १६ पोती, पंचवीस किलोची, म्हणजे ४०० किलो. मागे तीच चार पोती आणि सामान. गावाजवळच्या जिनिंगचा भुईकाटा कापसाच्या दिवसांत दिवसभर मोकळा नसतो, म्हणून रात्री गेलो.

पद्धत सोपी आहे आणि कुणालाही करता येईल. आधी नुसती पिकअप, आत बसणाऱ्या माणसांसह, काट्यावर. मग ट्रेलर जोडून पिकअपची चारही चाकं काट्यावर आणि ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ट्रेलर हुकावर किती वजन टाकतो ते.

पिकअप २,१४० किलो. ट्रेलर जोडल्यावर २,२००. फरक ६० किलो. ट्रेलरचं एकूण वजन १,५४०. म्हणजे हुकावर चार टक्क्यांहूनही कमी.

अशा ट्रेलरसाठी अमेरिकेत पाळला जाणारा दंडक एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असा आहे, युरोपीय पद्धतींत त्याहून कमी. दहा टक्के धरले तर आमच्या ट्रेलरला १५४ किलो तरी हवे होते. पोती काढून परत मोजलं: फरक १४०, एकूण वजन १,३००. जवळजवळ ११ टक्के. घोडा-घोडी दोघं असतानाचं वजन वाळूने भरून बघितलं तर १८० किलो, तेही ठीक. म्हणजे जाताना ट्रेलर सरळ चालला तो नशिबाने नाही, आणि येताना डुलला तोही नशिबाने नाही. सगळा फरक त्या २४० किलोंचा, आणि त्यातही ते कुठे ठेवले याचा. हुकापासून धुरा तीन मीटर, पोती धुऱ्याच्या एक मीटर मागे. तराजूच्या हिशोबाने २४० चा एक तृतीयांश, ८० किलो, हुकावरून उचलला गेला. १४० मधून ८० गेले, उरले ६०. काट्याने तेच दाखवलं.

शेपटीकडे जड ट्रेलर डुलतो याचं कारण बैलगाडीवाल्याला सांगावं लागत नाही. उलार गाडी तो ओळखतो. जू वर उचललं जातं, बैलाच्या मानेवर भार राहत नाही, गाडी हवी तशी ओढता येत नाही. इथे त्यात वेगाची भर पडते. प्रत्येक ट्रेलरला एक वेग असा असतो की त्याच्या खाली हेलकावा आपणहून मरतो आणि त्याच्या वर आपणहून वाढतो. मागे जड केलं की ही हद्द खाली येते. आमची दोन घोड्यांची हद्द ८० च्या बरीच वर असावी. पोती मागे टाकल्यावर ती साठ आणि ऐंशीच्या मध्ये कुठेतरी उतरली, आणि आम्ही ८० वर खिळा ठोकून बसलो होतो.

मग क्रूझचा दोष किती?

मूळ कारण वजनाची मांडणी, यात मला शंका नाही. क्रूझ बंद असतं तरी ८० ला तो ट्रेलर डुललाच असता. मग मी क्रूझचं नाव का घेतो? त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण वेळेचं. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. हेलकावा सुरू झाल्यावर पहिल्या एक-दीड सेकंदात पाय रेसवरून उचलला तर गाडी लगेच मंदावू लागते, वेग हद्दीच्या खाली येतो आणि गोष्ट तिथेच संपते. रेसवर पाय असलेला माणूस घाबरला की पाय आपोआप उचलतो, विचार करावा लागत नाही. सीटखाली असलेला पाय मात्र पुढे येताना थेट ब्रेकवर येतो, कारण घाबरल्यावर त्याला दुसरं काही सुचत नाही. नानांचं अगदी हेच झालं. क्रूझ लावायचंच असेल तर रद्द करायचं बटण अंगठ्याखाली असायला हवं. ते दाबलं की ब्रेक न लागता ओढ थांबते. ते बटण कुठे आहे हे नानांना त्या दिवशी सांगता आलं नसतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ट्रेलर ओढताना रेसवरचा पाय नुसता वेग देत नाही, तो मागची बातमी आणतो. मागे वाऱ्याचा दाब वाढला, टायर नरम पडला, की त्याच वेगासाठी पाय किंचित जास्त दाबावा लागतो. ते कळतं. क्रूझ ही बातमी स्वतःकडे ठेवतं. चालकाला स्पीडोमीटरवर ८० दिसतात, आणि ८० म्हणजे सगळं ठीक असं तो समजतो. धुळ्यापासून त्या पुलापर्यंत ट्रेलर थोडाथोडा हलत होता का, हे आज आम्हाला दोघांनाही सांगता येत नाही.

जुने चालक एक उपाय सांगतात, तो इथे नोंदवून ठेवतो कारण तो मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे: डुलायला लागलं की रेस दे, ताण बसला की सरळ होतं. ओढ वाढवली की एक-दोन क्षण ट्रेलर ताणला जाऊन सरळ झाल्यासारखा वाटतो हे खरं. पण त्यात वेग वाढतो, आणि हद्दीच्या वर असलेल्या ट्रेलरला आणखी वर नेलं की पुढचा हेलकावा मोठा येतो. त्या संध्याकाळी चढावर क्रूझने नेमकं हेच करून दाखवलं. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतील आणि ते हाताने वेगळे लावता येत असतील तर तेवढेच हलकेच लावणं हा खरा उपाय. नसतील तर पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा आणि थांबा.

कोंडाईबारीत

साध्या क्रूझचं उतारावर काय होतं हे मला मोजून बघायचं होतं. वाळू भरलेला ट्रेलर, या वेळी वजन बरोबर मांडलेलं, घेऊन आम्ही सुरत रस्त्याने कोंडाईबारीच्या घाटात गेलो. जनावर अर्थातच नव्हतं. विसरवाडीकडच्या उतारावर, मागेपुढे गाडी नाही बघून, क्रूझ ५० वर लावलं. थोड्याच वेळात ५५, मग ६०. ६४ ला मी नानांना ब्रेक लावायला सांगितलं. परत वर जाऊन तोच उतार तिसऱ्या गिअरमध्ये, क्रूझ बंद करून उतरलो. इंजिनाने गाडी धरून ठेवली, ब्रेकला दोनदाच पाय लागला. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलं की ते तापतात आणि धरेनासे होतात, हे आपल्याकडे प्रत्येक ट्रकवाला जाणतो. लळिंग असो, कन्नडचा घाट असो की सेंधव्याकडचा बिजासन, ट्रेलर मागे असताना क्रूझला तिथे जागा नाही.

पावसाळ्याबद्दलही एवढंच सांगतो. आपल्याकडे शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती चाकांना घेऊन डांबरावर येतात, आणि पहिल्या सरीत ती साबणासारखी होते. चाक घसरायला लागलं की पाय उचलावा लागतो. क्रूझ ते तुमच्यासारखं ओळखून करत नाही, ते ठरलेला वेग धरायलाच बघतं. आणि कोरड्यातही, कापसाच्या दिवसांत बिनदिव्यांच्या ट्रॉल्या, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकली हे सगळं बघता वेग सारखा बदलावाच लागतो.

बऱ्याच पिकअपच्या पुस्तिका ट्रेलर ओढताना क्रूझ वापरायला सरसकट मनाई करत नाहीत. चढउतार, वारा, ओला रस्ता, गर्दी आणि जड वजन असताना टाळा असं त्या सांगतात. सपाट, कोरडी, मोकळी चौपदरी, वजन तपासलेलं, ओढकामाचा मोड चालू, वेग साठ-पासष्ट, अशा ठिकाणी ते चालेल असं मीही म्हणेन. धुळे–जळगाव रस्त्यावर असे तुकडे आहेत. पण मागे जिवंत जनावर उभं असेल तर नाही. वाळूचं पोतं हलत नाही. घोडी पाय बदलते, रेलते, दचकते, आणि ४०० किलो एका क्षणात दुसऱ्या बाजूला जातात.

पुढे

ट्रेलरला आता ओव्हररन ब्रेक बसवले आहेत, म्हणजे पिकअप मंदावली की ट्रेलर दांडीवर ढकलतो आणि त्याच दाबाने त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. पोती न्यायचीच असतील तर दोन ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, बाकीची पिकअपच्या हौद्यात. तसं भरून काट्यावर मोजलं, हुकावर १८० आले, एकूण १,४०० ला जवळजवळ १३ टक्के. ती पावती नानांनी ट्रेलरच्या दारावर आतून चिकटवली आहे.

घोडीच्या गुडघ्यांवर पांढरे केस आले. महिनाभर ती फळीवर पाय ठेवत नव्हती. नानांनी ट्रेलर गोठ्याजवळ उभा करून ठेवला, दोन्ही टोकं उघडी, आणि तिचा खुराक रोज त्यात ठेवला, आधी फळीवर, मग आत, मग आणखी आत. होळीच्या आधी ती चढली. त्या दिवशी तिला तामसवाडीच्या बाजूने दहा किलोमीटर फिरवून आणलं, पन्नासच्या वेगाने. वाटेत मी विचारलं, मागे कशी आहे. नाना म्हणाले, "उभी शे. माले पायमा समजस." परत आल्यावर फळी उघडली. ती उभी होती, आणि समोरचा कडबा अर्धा खाऊन झाला होता.